लिनक्स ज्या सालचं, यंत्र त्या सालचं

मागच्या अंकात आम्ही एक आवाहन केलं होतं: २००० सालच्या आगेमागची लिनक्स डिस्ट्रिब्यूशन्स (लिनक्सचे तयार संच) आजच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात, चालवताना कुठे अडतं ते कळवा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर अशा गावांहून प्रश्न आले. बहुतेकांचं मूळ एकच आहे. मशीन तयार करताना आजचं हार्डवेअर निवडलं जातं, आणि जुनं कर्नल (लिनक्सचा गाभा) बनलं तेव्हा ते अस्तित्वातच नव्हतं. म्हणून पहिलं उत्तर सगळ्यांनीच वाचावं. खाली दिलेल्या आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लिपीत, बहुतेक लहान अक्षरांत द्यायच्या; मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे. पुढे ‘होस्ट’ म्हणजे तुमचा खरा संगणक आणि ‘गेस्ट’ म्हणजे त्याच्या आतलं व्हर्च्युअल मशीन.

प्रश्न: रेड हॅट ६.२ ची आयएसओ (सीडीची प्रतिमा-फाइल) मिळाली. व्हर्च्युअलबॉक्समध्ये इन्स्टॉलर सुरू होतो, पण हार्ड डिस्कच सापडत नाही म्हणतो. डिस्क तर मी २५ जीबीची दिली आहे. (विद्यार्थी, टिळकवाडी, बेळगाव)

डिस्क आहे, पण ती साटा (डिस्क जोडण्याची नवी पद्धत) कंट्रोलरवर लावलेली आहे. रेड हॅट ६.२ हे २००० सालचं, कर्नल २.२.१४. व्हर्च्युअलबॉक्स हा व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम साटासाठी एएचसीआय वापरतो आणि ते मानक २००४ चं. कर्नलकडे त्याचा ड्रायव्हर असणं शक्यच नाही.

सेटिंग्जमध्ये स्टोरेजला जा, साटा कंट्रोलर काढून टाका आणि आयडीई (जुनी पद्धत) कंट्रोलर जोडा, प्रकार पीआयआयएक्स४. हार्ड डिस्क प्रायमरी मास्टरला, सीडी सेकंडरी मास्टरला. लिनक्सच्या भाषेत त्या एचडीए आणि एचडीसी होतील. डिस्क २५ जीबीची नको, ४ जीबी भरपूर झाली. २.२.१४ च्या आधीचे कर्नल सुमारे ३३.८ जीबीच्या पुढच्या डिस्कवर सरळ अडकून पडतात, आणि त्या काळच्या लिलो या बूट लोडरला १०२४ व्या सिलिंडरच्या पलीकडचं कर्नल वाचता येत नाही. एलबीए भाषांतर धरून ती हद्द साधारण ८.४ जीबीवर येते. ४ जीबीच्या डिस्कवर या दोन्ही अडचणी उद्भवतच नाहीत. तरी सवय म्हणून सुरुवातीला ३२ एमबीचं /बूट पार्टिशन करा, मग १२८ एमबी स्वॅप (मेमरी कमी पडली तर वापरायची जागा), उरलेलं सगळं रूट (मुख्य फाइल सिस्टम).

बाकीचं असं ठेवा. प्रकार ‘अदर लिनक्स, ३२ बिट’. ईएफआय बंद. प्रोसेसर एकच. आयओ एपिक बंद. मेमरी १२८ एमबी. हौसेने २ जीबी देऊ नका, २.२ चं साधं कर्नल जेमतेम ९६० एमबीपर्यंतच वापरतं. माउस ‘पीएस/२’, कारण व्हर्च्युअलबॉक्स आपणहून देतो तो यूएसबी टॅब्लेट या कर्नलला कळत नाही. यूएसबी बंदच करा. नेटवर्क कार्ड पीसीनेट. फास्ट थ्री ओळखलं गेलं नाही तर पीसीआय टू निवडा, ड्रायव्हर दोन्हींना ‘पीसीनेट३२’च. आवाज हवा असेल तर साउंड ब्लास्टर १६: पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ आणि ५. ‘एसएनडीकॉन्फिग’ने विचारलं तर हेच आकडे द्यायचे.

हाच हिशेब पुढेमागे सरकवता येतो. रेड हॅट ५.२ (१९९८, कर्नल २.०.३६) घेतलंत तर ६४ एमबी मेमरी द्या. त्याहून जास्त दिलीत तर कर्नल बायोसला जुन्या पद्धतीने विचारतं आणि ६४ वरच थांबतं; पुढची हवी असेल तर लिलोच्या बूट ओळीवर ‘लिनक्स मेम=१२८एम’ असं सांगावं लागतं. रेड हॅट ७.३ (२००२) आणि ९ (२००३) ही २.४ कर्नलची, त्यांना २५६ एमबी आणि ८ जीबीची डिस्क द्या. दोन्हींच्या इन्स्टॉलच्या सीड्या तीन-तीन आहेत. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने ७.३ पासून सुरुवात करावी असं आमचं स्पष्ट मत आहे: दिसायला जुनं, पण ड्रायव्हरच्या बाबतीत बरंच समजूतदार.

प्रश्न: आमच्याकडे वजनकाट्याचा प्रोग्रॅम रेड हॅट ६.२ वर चालतो. काटा सिरियल पोर्टला जोडलेला आहे. पीसी जुना, पॉवर सप्लाय दोनदा बदलला, डिस्क आता आवाज करते. प्रोग्रॅम लिहिणारा आता नाही, सोर्स नाही. जसंच्या तसं व्हर्च्युअल मशीनमध्ये नेता येईल का? (संकेश्वरजवळून)

येईल, आणि डिस्क आवाज करते आहे तर हे काम पुढे न ढकलता आजच करा.

पीसी बंद करून डिस्क काढा. ती ४० पिनांची आयडीई असणार. यूएसबी-आयडीई अडॅप्टर बाजारात मिळतो, त्याला स्वतंत्र १२ व्होल्टचा सप्लाय असलेलाच घ्या. डिस्कचा जंपर मास्टरवर ठेवा. नव्या लिनक्स लॅपटॉपला जोडल्यावर ती आपोआप माउंट होऊ देऊ नका. तिच्यावर एक अक्षरही लिहिलं जाता कामा नये. मग जीएनयू डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची प्रतिमा घ्या, पार्टिशनची नव्हे. पहिली फेरी ‘-एन’ देऊन: जे सहज वाचता येतं ते आधी पदरात पडतं, खराब भागाशी झटापट होत नाही. दुसरी फेरी ‘-डी -आर३’ देऊन, पहिल्या फेरीचीच मॅपफाइल (काय वाचून झालं याची नोंद) वापरून: आता फक्त राहिलेले सेक्टर तीन-तीनदा वाचले जातील. साधी ‘डीडी’ वापरू नका. पहिल्याच खराब सेक्टरला ती थांबते आणि तेवढ्यात मरणारी डिस्क जास्त मरते.

प्रतिमा मिळाली की तिची एक प्रत बाजूला ठेवा आणि दुसरीवर काम करा. व्हर्च्युअलबॉक्सच्या ‘व्हीबॉक्समॅनेज’मधल्या ‘कन्व्हर्टफ्रॉमरॉ’ने ती व्हीडीआय (व्हर्च्युअलबॉक्सची डिस्क-फाइल) होते. क्यूईएमयू (व्हर्च्युअलबॉक्ससारखाच दुसरा प्रोग्रॅम) वापरणार असाल तर रूपांतराची गरजच नाही, कच्ची प्रतिमा तशीच चालते. मशीन वरच्या उत्तराप्रमाणे तयार करा आणि ही डिस्क प्रायमरी मास्टरला लावा. डिस्क मूळ यंत्रात एचडीए होती, इथेही एचडीएच राहिली पाहिजे, नाहीतर ‘/ईटीसी/एफएसटॅब’मधली (कोणतं पार्टिशन कुठे माउंट करायचं त्या यादीतली) सगळी नावं चुकतील.

आता बहुधा लिलोपाशी अडेल. तो आपलं नाव एकेक अक्षर करून छापतो आणि कुठे थांबला त्यावरून दुखणं कळतं. नुसतं ‘एल’ आणि पुढे दोन अंकी आकडे येत राहिले तर दुसरा टप्पा डिस्कवरून वाचताच आला नाही. आकडा ०४ किंवा ४० असेल तर जवळजवळ नक्कीच डिस्कची भूमिती जुळत नाही. ‘एलआय’वर थांबला तर दुसरा टप्पा मेमरीत आला पण चालला नाही; कारण पुन्हा तेच. ‘एलआयएल’ आणि पुढे वजाचं चिन्ह आलं तर त्याचा नकाशा बिघडलेला आहे. मूळ पीसीच्या बायोसने डिस्कचे सिलिंडर-हेड ज्या पद्धतीने मोजले, व्हर्च्युअलबॉक्सचा बायोस तसे मोजत नाही, आणि लिलो फाइल सिस्टम बघत नाही, तो लिहून ठेवलेल्या पत्त्यावर डोळे मिटून जातो. म्हणून डेटा शाबूत असूनही बूट होत नाही. घाबरून पुन्हा इन्स्टॉल करू नका.

उपाय सोपा आहे. रेड हॅट ७.३ ची पहिली सीडी लावा, बूट ओळीवर ‘लिनक्स रेस्क्यू’ टाइप करा. ७.३ चा रेस्क्यू जुनं इन्स्टॉलेशन शोधून ‘/एमएनटी/सिसइमेज’वर स्वतःच माउंट करतो. तिथे ‘सीएचरूट’ करून ‘/एसबिन/लिलो’ चालवा. ‘अॅडेड लिनक्स’ असं आलं की नवा नकाशा लिहिला गेला. सीडी काढून मशीन पुन्हा सुरू करा.

पहिल्या बूटला ‘कुडझू’ हा हार्डवेअर तपासणारा प्रोग्रॅम जुनं नेटवर्क कार्ड गेलं, नवं आलं असं सांगेल. जुनं काढा, नवं कॉन्फिगर करा म्हणावं. त्याने पत्ता लागला नाही तर ‘/ईटीसी/कॉन्फ.मॉड्यूल्स’मध्ये ‘एलियास ईटीएच० पीसीनेट३२’ ही ओळ घाला. (या फाइलचं नाव ७ मालिकेपासून ‘मॉड्यूल्स.कॉन्फ’ झालं, नेटवर मिळणाऱ्या सूचना बहुतेक त्या नावाने असतात.)

राहिला काटा. यूएसबी-सिरियल केबल होस्टला लावा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये सिरियल पोर्ट १ चालू करा, क्रमांक कॉम१, म्हणजे आयआरक्यू ४ आणि पत्ता ३एफ८, प्रकार ‘होस्ट डिव्हाइस’. मार्ग विंडोजवर कॉम३ वगैरे, लिनक्सवर ‘टीटीवाययूएसबी०’ (यूएसबी मोठ्या अक्षरांत). लिनक्स होस्ट असेल तर तुमचा यूजर ‘डायलआउट’ गटात हवा, नाहीतर मशीन सुरूच होणार नाही. गेस्टच्या आत तो ‘टीटीवायएस०’ (एस मोठा) म्हणूनच दिसेल आणि प्रोग्रॅमला काही बदलल्याचं कळणारही नाही. आधी ‘मिनीकॉम’ने ऐका: काट्यावर ओझं ठेवल्यावर आकडे सरकले पाहिजेत. कचरा अक्षरं आली तर बॉड रेट (सिरियल पोर्टचा वेग) चुकलाय. जुन्या पीसीवर ‘एसटीटीवाय’ने मूळ सेटिंग पाहून ठेवलं असेल तर इथे तासाभराचा त्रास वाचतो.

शेवटी पावती छापून वेळ बघा. साडेपाच तासांचा फरक दिसला तर घड्याळाचा वाद आहे: मशीनच्या सिस्टम सेटिंगमध्ये ‘हार्डवेअर क्लॉक यूटीसीमध्ये’ ही खूण आणि गेस्टच्या ‘/ईटीसी/सिसकॉन्फिग/क्लॉक’मधली यूटीसीची ओळ एकमेकांशी जुळवा. प्रोग्रॅमला पॅरलल पोर्टचा डोंगल (कॉपी रोखणारी हार्डवेअर किल्ली) असेल तर मात्र आधी सांगा. यूएसबी-पॅरलल केबल फक्त प्रिंटरपुरती असते, डोंगल तिच्यावर चालत नाही.

प्रश्न: घरी दिवसातून कितीदा तरी वीज जाते. डेस्कटॉपवर जुनं लिनक्स चालू असताना वीज गेली की पुढच्या वेळी ‘रूट पासवर्ड द्या’ म्हणून थांबतं. (चिकोडी)

ती जुन्या काळची रीतच आहे. रेड हॅट ७.२ च्या आधी फाइल सिस्टम ईएक्सटी२ असायची, तिला जर्नल (बदलांची आधी लिहून ठेवलेली नोंद) नाही. २.२ कर्नल लिहिलेला डेटा सुमारे ३० सेकंद मेमरीत धरून ठेवतं. त्यात वीज गेली तर डिस्क अर्धवट राहते. त्यात भर म्हणजे आयडीईसाठी व्हर्च्युअलबॉक्स ‘होस्ट आयओ कॅश’ चालू ठेवतो, म्हणजे गेस्टने लिहिलं तरी होस्टने ते अजून पानावर उतरवलेलं नसतं. ही खूण काढा. थोडं मंद होईल, पण चालेल.

थांबलेलं मशीन सोडवायला: आधी व्हीडीआयची प्रत घ्या. मग रूट पासवर्ड देऊन ‘ई२एफएससीके -वाय’ आणि पुढे रूट पार्टिशनचं नाव. तो रूट वाचण्यापुरताच माउंट असतो, म्हणून तपासणी सुरक्षित आहे. झाल्यावर ‘एक्झिट’. हरवलेले तुकडे ‘लॉस्ट+फाउंड’मध्ये आकड्यांच्या नावांनी मिळतात.

७.३ किंवा ९ वापरत असाल आणि पार्टिशन ईएक्सटी२ राहिलं असेल तर ‘ट्यून२एफएस -जे’ने जर्नल घाला आणि एफएसटॅबमध्ये ईएक्सटी३ लिहा. आणि यूपीएस ओरडायला लागला की गेस्ट बंद करत बसू नका, ‘सेव्ह स्टेट’ करा, काही सेकंदांत होतं.

प्रश्न: रेड हॅट ६.२ टेक्स्ट मोडमध्ये छान चालतं, पण ‘स्टार्टएक्स’ केलं की काळा पडदा. मुलांना ग्नोम या चित्रमय डेस्कटॉपचं पहिलं रूप दाखवायचं आहे. (शिक्षक, निपाणी)

६.२ मध्ये एक्सफ्री८६ (पडद्यावर चित्रमय खिडक्या दाखवणारी प्रणाली) ३.३.६ आहे. या मालिकेत प्रत्येक कार्डघराण्याला वेगळा सर्व्हर लागतो आणि व्हर्च्युअलबॉक्सचं काल्पनिक कार्ड कोणत्याच घराण्यातलं नाही. सर्वसाधारण ‘व्हेसा’ ड्रायव्हर ४ मालिकेपासून आला, म्हणून ७.३ वर हा प्रश्न येत नाही.

वर्गात दाखवायचं असेल तर या एका कामासाठी क्यूईएमयू वापरा आणि त्याला ‘-व्हीजीए सिरस’ सांगा. तो सिरस लॉजिक ५४४६ ची नक्कल करतो; त्या काळात हे कार्ड घरोघरी होतं आणि ‘एक्सएफ८६_एसव्हीजीए’ त्याला चांगलं ओळखतो. ‘एक्सकॉन्फिगरेटर’मध्ये (पहिला एक्स मोठा) कार्ड सिरस, मेमरी ४ एमबी, १६ बिट रंग, ८०० बाय ६००. सोबत नेटवर्कसाठी ‘एनई२के_पीसीआय’ किंवा ‘पीसीनेट’ द्या.

व्हर्च्युअलबॉक्सच ठेवायचा असेल तर वळसा घ्यावा लागतो. ‘/ईटीसी/लिलो.कॉन्फ’मध्ये ‘व्हीजीए=७८८’ लिहा, लिलो चालवा आणि रीबूट करा. पडद्याच्या वर पेंग्विन दिसला की फ्रेमबफर चालू झाला. ७८८ म्हणजे ८०० बाय ६००, १६ बिट. १०२४ बाय ७६८ साठी ७९१. मग ‘एक्सएफ८६_एफबीडेव्ह’ (एक्सएफ आणि एफबीडी मोठी अक्षरं) हा सर्व्हर बसवा, ‘/ईटीसी/एक्स११/एक्स’ (दोन्ही एक्स मोठे) ही लिंक त्याच्याकडे वळवा आणि ‘स्टार्टएक्स -- -बीपीपी १६’ द्या.

इन्स्टॉलरचाच पडदा बिघडत असेल तर ६.२ वर ‘टेक्स्ट’, रेड हॅट ९ वर ‘लिनक्स टेक्स्ट’.

प्रश्न: व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतं आणि सगळं संथ चालतं. (व्हीटीयू विद्यापीठाच्या एका कॉलेजातून)

हायपर-व्ही ही विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय आधीच प्रोसेसरवर ठाण मांडून आहे, व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या आडून काम करावं लागतंय. विंडोज फीचर्समधून हायपर-व्ही आणि ‘व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म’ काढा, ‘कोर आयसोलेशन’मधली ‘मेमरी इंटेग्रिटी’ बंद करा, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून ‘बीसीडीएडिट’ने ‘हायपरवायझरलाँचटाइप ऑफ’ करा आणि रीबूट करा. डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आतलं लिनक्स) वापरत असाल तर ते यामुळे थांबेल, हे लक्षात ठेवून निर्णय घ्या. मेमरी इंटेग्रिटी ही सुरक्षेची सोय आहे. काम झालं की परत चालू करा.

होस्ट लिनक्स असून ‘व्हीएमएक्स रूट मोड’ची चूक येत असेल तर केव्हीएम (लिनक्सची स्वतःची तशीच सोय) हे मॉड्यूल आड येतंय. ६.१२ पासूनची कर्नल ते लोड होताच व्हर्च्युअलायझेशन ताब्यात घेतात. ते मॉड्यूल काढा. प्रोसेसरमध्ये व्हीटी-एक्स (व्हर्च्युअल मशीनला मदत करणारी सोय) नसेल तर व्हर्च्युअलबॉक्स ६.१ पासून पुढे चालणारच नाही. तिथे क्यूईएमयू नुसत्या सॉफ्टवेअरने प्रोसेसरची नक्कल करतो आणि २००० सालच्या लिनक्सला तेवढा वेग पुरतो.

प्रश्न: पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर मिळालेल्या लिनक्सच्या सीड्या अजून आहेत, पण पावसाळ्यांनी त्यांच्यावर पांढरे डाग पडलेत. (खानापूर)

त्या टाकू नका. तुमच्याकडच्या दमट हवेत ही बुरशी बहुधा वरवरची असते. साध्या पाण्याने ओल्या केलेल्या मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल फिरवून पुसू नका: चरा गोल पडला तर सलग ट्रॅक जातो, आडवा पडला तर चूकदुरुस्तीचा कोड निभावून नेतो. छापील बाजू जास्त सांभाळा, परावर्तक थर तिच्याच लगेच खाली असतो. उजेडाकडे धरल्यावर आरपार छिद्रं दिसली तर तेवढा भाग गेला.

वाचताना डीडीरेस्क्यूच, ‘-बी २०४८’ देऊन, कारण सीडीचा सेक्टर २०४८ बाइट्सचा. एका ड्राइव्हवर राहिलेले सेक्टर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर पुष्कळदा निघतात. मॅपफाइल तीच ठेवा.

प्रश्न: जुन्या लिनक्सवर मराठी आणि कन्नड दोन्ही दिसतील अशी सगळ्यांत जुनी सोयीची आवृत्ती कोणती? (बेळगाव)

६.२ वर युनिकोड मराठीची आशा धरू नका. रेड हॅटने यूटीएफ-८ ही मूळ मांडणी ८.० (२००२) पासून केली, पण फॉन्ट सोबत नसल्याने चौकोन दिसतात. दोन्ही लिप्यांसाठी आम्ही डेबियन ३.१ (सार्ज, जून २००५) सुचवू. त्यात देवनागरी आणि कन्नड फॉन्टची वेगवेगळी पॅकेजेस आहेत, आणि ग्नोमचे प्रोग्रॅम पँगो या अक्षरजुळणीच्या लायब्ररीमार्फत जोडाक्षरं जुळवतात. डेबियन ४.० (एप्रिल २००७) मध्ये चित्रमय इन्स्टॉलर आला, त्यामुळे हिंदीसारख्या भाषा इन्स्टॉल करतानाच दिसू लागल्या.

फॉन्ट तपासताना ‘क्ष’ वगैरे बघून समाधान मानू नका. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ लिहून बघा. मराठीचा हा र जुन्या फॉन्टमध्ये सर्रास तुटतो, हिंदीला तो लागत नसल्याने कुणी तपासलेला नसतो.

पॅकेजेस आर्काइव्ह डॉट डेबियन डॉट ऑर्गवर आहेत; सोर्सेस लिस्टमध्ये पत्ता साध्या एचटीटीपीने द्या. सार्जचा ‘ॲप्ट’ सह्या तपासतच नाही, त्यामुळे मुदत संपलेल्या किल्ल्यांची कटकट नाही.

प्रश्न: गेस्टमध्ये आयपी मिळतो, पण एकही साइट उघडत नाही. फाइल आत न्यायची कशी? आणि कॉलेजच्या नेटवर्कवर ब्रिज केलं तर चालेल का? (गोकाक)

साइट उघडणार नाहीत. आजच्या साइटना टीएलएस १.२ (सांकेतिक जोडणीची पद्धत) लागतं, ते ओपनएसएसएल या लायब्ररीत २०१२ साली आलं. साध्या एचटीटीपी आणि एफटीपीचे पत्ते चालतात. नेट आहे की नाही हे ब्राउझरवरून ठरवू नका, १०.०.२.२ ला पिंग करा.

फाइल न्यायला सगळ्यांत बिनधोक मार्ग म्हणजे होस्टवर त्या फाइलींची आयएसओ बनवून सीडी म्हणून लावणं. ‘जेनआयएसओइमेज’ला ‘-जे -आर’ (दोन्ही मोठी अक्षरं) द्या म्हणजे लांब नावं टिकतात. छोट्या फाइलींना १.४४ एमबीची फ्लॉपी प्रतिमा पुरते, तिचा आकार बरोबर १४,७४,५६० बाइट्स हवा. नवी डिस्क जोडणार असाल तर ती गेस्टच्या आतच फॉरमॅट करा. आजच्या लिनक्सने बनवलेल्या ईएक्सटी२ मध्ये अशा सोयी चालू असतात की २.२ कर्नल ती माउंट करायला नकार देतं.

ब्रिज, म्हणजे गेस्टला थेट बाहेरच्या नेटवर्कवर जोडणं, मात्र करू नका. जानेवारी २००१ मध्ये पसरलेला रेमेन हा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) रेड हॅट ६.२ आणि ७.० च्याच एफटीपी, एनएफएस आणि छपाईच्या सेवांतल्या भोकांतून शिरत होता, आणि तुमच्या आयएसओत ती भोकं जशीच्या तशी आहेत. नॅट (होस्टच्या आडून मिळणारं नेट) ठेवा. दोन गेस्ट एकमेकांशी बोलायला हवे असतील तर ‘इंटर्नल नेटवर्क’. इन्स्टॉल झाल्यावर ‘/ईटीसी/इनेटडी.कॉन्फ’ उघडून एफटीपी, टेलनेट आणि फिंगरच्या ओळींपुढे हॅशचं चिन्ह घाला, मग ‘किलॉल -एचयूपी इनेटडी’ (एचयूपी मोठ्या अक्षरांत). एनएफएस आणि छपाईच्या सेवा इनेटडीतून सुरू होत नाहीत, त्या ‘एनटीसिसव्ही’मधून वेगळ्या बंद करा. ७ मालिकेत ‘एक्सइनेटडी’ आहे, तिथे प्रत्येक सेवेच्या स्वतंत्र फाइलीत ‘डिसेबल = येस’ लिहावं लागतं.